४८ व्होल्टचा पंखा

कुंभकोणमच्या आसपास मराठी अभंग भजनी मंडळींच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जवळच्या गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य देऊळही आहे. तेव्हा इथल्या एखाद्या भजनप्रेमी गृहस्थाने घरीच अभंग ध्वनिमुद्रित करायचं मनावर घेतलं, तर त्यात नवल नाही. नवल त्याच्या खरेदीचं.

स्वस्तातला माइक घ्यायचा तरी कंडेन्सरच, कारण तो फोटोत स्टुडिओतल्यासारखा दिसतो. ‘अतिशय संवेदनशील’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ते दुर्दैवाने खरं असतं. छताचा पंखा, कुकरची शिट्टी, गल्लीतला भाजीवाला, देवळातली घंटा, सगळं तो इमानेइतबारे टिपतो. गायक अधूनमधून सापडतो. शिवाय बहुतेक कंडेन्सरना ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा लागतो, हे पार्सल फोडल्यावर कळतं. मग तो पुरवणारा ऑडिओ इंटरफेस येतो, माइकपेक्षा महाग. (देवळातल्या नादस्वरवाल्याला यातलं काही लागत नाही. ऐकणाऱ्यानेच जरा लांब बसायचं.)

गायिका गौहर जान १९०२ मध्ये कलकत्त्यात तबकड्यांसाठी गायली, तेव्हा माइकच नव्हता. थेट कर्ण्यात गावं लागे. तिचं गाणं अजून ऐकलं जातं.

साधा डायनॅमिक माइक घ्या, भिंतींवर गोधड्या टांगा आणि वीतभर अंतरावरून गा. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी वाढतो, तोही फुकट. आणि पंखा बंद करा. घाम ध्वनिमुद्रणात येत नाही.