काकांचा चेतक-दिवा

“वहिनी, काकांकडचा नवा दिवा बघितला का?”

“बघितला कसला, हात लावू देतील तर ना! ‘थांब, आधी मीटर लावू दे,’ म्हणे. स्वतः केलेल्या दिव्यावर स्वतःचाच भरवसा नाही.”

“म्हणूनच तर त्यांच्यावर ठेवायचा! दळण घेऊन निघाले होते, तासभर अडकले तिथं. चेतक स्कूटरचा जुना हेडलाइट, खाली पाइप, बुडाला गिअरचं चाक, आख्खा लोखंडी. काकांचा भोसरीच्या टूलरूममध्ये जन्म गेला. वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. वर पावडर कोटिंग करून आणलेलं, काळंभोर.”

“मग अडलं कुठं? लागत तर होता.”

“लागायला काय, दोन वायरी पुरतात. तिसरी ती हिरवी, एरवी फुकटचा पगार खाते. पण पाइपाच्या कडेला घासून फेजची वायर सोलली की सगळा सांगाडा २३० व्होल्टचा! तेव्हा हिरवीनं करंट जमिनीकडे न्यायचा आणि फ्यूज उडवायचा. काकांनी ती बुडाशी स्क्रूनं आवळली होती. प्लग काढून मीटरचं एक टोक तीन पिनीतल्या जाड पिनेला लावलं, दुसरं हेडलाइटच्या रिंगेला. मीटर ढिम्म!”

“वायर तुटलेली?”

“छे, रंग! त्या कोटिंगमधून करंट जात नाही आणि स्क्रू बसलाय नेमका कोटिंगवर. मग कानशीनं घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, आवळला. असं ओरडलं मीटर, वल्लभनगरच्या स्टँडवर ऐकू गेलं असेल. आकडा अर्ध्या ओहमच्या आत. तरी थांबतील तर काका कसले! रिंग, पाइप, चाक, सगळीकडे टोचून पाहिलं. सांध्यांतही रंग शिरतो ना.”

“टेस्टर लावला असता तर?”

“वायर आज धड आहे, टेस्टर पेटलाच नसता. उद्या सोलल्यावर काय?”

“आणि भिंतीतच अर्थिंग नसलं तर?”

“आता कशा बोललात! आपल्या या जुन्या बिल्डिंगींत बोर्ड उघडला की कितीकदा हिरवी वायर नुसती गुंडाळून कोंबलेली असते. तुमच्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणत होतात ना?”

“हे म्हणाले, पावसाळी हवा आहे.”

“हवा म्हणे! भाऊजींचं एक असो. वायरमनला बोलवून बोर्डातलं अर्थिंग तपासून घ्या.”

“एमसीबी आहे की आमच्याकडे.”

“एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही. करंट सहा-दहा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय तो हलत नाही, आणि माणूस त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही जाऊ शकतो. माणसाला जपायला ईएलसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरवाला. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबायचं, फटकन पडला पाहिजे. अर्थिंग हवंच, हा वर.”

“काकू काय म्हणाल्या दिव्याला?”

“म्हणाल्या, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली तेव्हा कुठं ती स्कूटर घरी आली, आता घराबाहेर जायचं नाव घेत नाही.”

“आमचा वायरमन उद्या म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात उगवतो हो.”

“मग तोवर फ्रिजचा प्लग काढून ठेवा. दूध आणि भिजवलेल्या डाळी माझ्याकडे द्या, खालचा कप्पा रिकामाच आहे.”