आठशे फिल पॉवरचे साडू

पुण्यात पारा १० अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात 'शहर गारठले' असा मथळा आणि शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींचा फोटो ठरलेला. एवढ्या थंडीचा दांडगा अनुभव गाठीशी असलेली माणसं डिसेंबरअखेर मनालीला जायचं ठरवतात, तेव्हा तिकिटांच्या आधी जॅकेटचा विषय निघतो. आमच्याकडे तो साडूंनी काढला. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिचा सांगोपांग अभ्यास करायचा, हा त्यांचा बाणा. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा सगळ्या नातेवाइकांना त्यांनी वॉट आणि आरपीएम शिकवले होते. मिक्सर शेवटी मेहुणीनेच जाऊन आणला.

"तुम्ही किती फिल पॉवरचं घेताय?" त्यांनी फोनवर विचारलं.

"चेन लागेल असं," मी म्हणालो.

फोनच्या पलीकडे जी शांतता पसरली तिच्यात माझ्याविषयीची कीव स्पष्ट ऐकू येत होती. रविवारी दोन्ही जोडपी मॉलमध्ये हजर.

शोरूममधला मुलगा हुशार होता. त्याने साडूंना ओळखलं आणि आमच्याकडे पाठ केली. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं मोकळी फुलू दिली की ती जितके घनइंच जागा व्यापतात, तो आकडा म्हणजे फिल पॉवर. आठशेची म्हणजे उंची पिसं. बदकाच्या नाहीतर हंसाच्या पोटाछातीवरची, काडी नसलेली, वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखी. ही पिसं स्वतः काही गरम नसतात. ऊब आपल्याच अंगाची. पिसं फक्त हवा अडवून धरतात आणि त्या हवेतून ऊब बाहेर निसटत नाही.

"म्हणजे बत्तीस हजार रुपये हवेचे," बायको म्हणाली.

साडूंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. जॅकेट त्यांच्या अंगात होतं. मॉलमध्ये एसी चालू होता, तरी त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ निघून कॉलरच्या दिशेने चालला होता, आणि ते "छान! छान!" म्हणत होते. पुण्यात बसून जॅकेटची परीक्षा घ्यायची कशी, हा खराच पेच आहे. कॅनडा गूज नावाच्या कंपनीने आपल्या काही दुकानांत उणे २५ अंशांपर्यंत थंड केलेली खोलीच ठेवली आहे. जॅकेट चढवायचं, आत जायचं, कुडकुडलो तर परत करायचं. आमच्या मॉलमध्ये त्यातल्या त्यात जवळची सोय आइस्क्रीमच्या दुकानातल्या फ्रीझरची होती, पण त्यात डोकं घालायला तिथल्या बाईंनी हरकत घेतली.

"उणे वीसपर्यंत आरामात चालतं, सर," मुलगा म्हणाला.

"बसून की चालत?" बायकोने विचारलं.

त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. खरं तर प्रश्न मुद्द्याचाच होता. स्लीपिंग बॅगा किती थंडीत चालतात हे मोजायला आंतरराष्ट्रीय मानक आहे. दुकानातल्या जॅकेटवरचा आकडा मात्र बहुतेक वेळा कंपनी सांगेल तो. शिवाय फिल पॉवर सांगते ती पिसांची प्रत. आत ती भरली आहेत किती ग्रॅम, हे लेबलावर शोधून सापडत नाही. पन्नास-साठ ग्रॅम उंची पिसांच्या पातळ जॅकेटपेक्षा साधीच पिसं पाव किलो ठासून भरलेलं जाडजूड जॅकेट जास्त ऊब देतं. मग उंची पिसांचे जादा पैसे कशाचे? वजनाचे. म्हणजे कमी वजनाचे! एरवी भाजीवाल्याशी पन्नास ग्रॅमवरून हुज्जत घालणारे आमचे साडू, माल हातात कमीत कमी लागावा म्हणून खुशीने जास्त पैसे मोजत होते. पाठीवर बिऱ्हाड बांधून पंधरा-सोळा हजार फुटांवर चढणाऱ्याला त्या वाचलेल्या अर्ध्या किलोचं मोल असतं. साडूंचं बिऱ्हाड टॅक्सीच्या टपावर जाणार होतं.

जॅकेट स्वतःच्याच खिशात घडी होऊन मावतं, हे त्यांनी घरी आम्हाला करून दाखवलं. टाळ्या झाल्या. ती घडी पुन्हा कुणालाही जमली नाही.

या पिसांच्या जॅकेटाचं पुण्याशी जुनं नातं आहे, हे साडूंच्या अभ्यासात नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि योग्य वेळी बाहेर काढायचं म्हणून मी ते जपून ठेवलं होतं. १९२२ साली ब्रिटिशांची मोहीम एव्हरेस्टवर गेली, तेव्हा बाकीचे साहेब लोकरीचे थरावर थर आणि ट्वीडचे कोट घालून चालले होते. जॉर्ज फिंच नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मात्र बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून एक कोट शिवून घेतला. कोटाची यथेच्छ टिंगल झाली. मग वारा सुटला आणि टिंगल थांबली. ऑक्सिजन घेऊन फिंच आणि जेफ्री ब्रूस त्या वर्षी २७,००० फुटांच्या वर पोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणी चढलेलं नव्हतं. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पिसांच्या कोटाचा आद्य पुरुष पाच वर्षं पुण्यात राहिला आणि त्या काळात पुणेकर कानटोपी घालून फिरायला जात राहिले. हे सगळं मी दिल्लीच्या विमानात साडूंना सांगितलं. "बघा, म्हणजे मी परंपरेतच आहे," ते म्हणाले. माझा बाण असा वाया गेला.

माझ्या खरेदीत सांगण्यासारखं फार नाही. दर हिवाळ्यात तिबेटी मंडळी येऊन स्वेटर-जॅकेटांचे स्टॉल लावतात, तिथे आम्ही गेलो. माल बराचसा लुधियानाचा असतो, भाव मात्र 'फिक्स रेट'. पाटी वाचूनही बायकोने सवयीने "लावा की बाराशेला" म्हणून पाहिलं. स्टॉलवरच्या ताई गोड हसल्या आणि अठराशेच घेतले. आत पॉलिएस्टरचा कापूस, बाहेर नायलॉन, वजन भरपूर. घडी घातल्यावर ते सूटकेसचा अर्धा भाग खातं आणि उरलेल्या अर्ध्यावरही डोळा ठेवतं. सिंथेटिक भरणीचा एक गुण मात्र मानायला हवा, ओली झाली तरी ती थोडीफार ऊब धरते. पिसं भिजली की त्यांचा गोळा होतो आणि आठशेचा आकडा लेबलावरच उरतो.

दिल्लीहून रात्रभर व्हॉल्वोत बसून सकाळी मनालीत उतरलो. हॉटेलात खोली होती, हीटरचे पैसे वेगळे होते आणि संध्याकाळी बॉनफायर फुकट होता. साडू जॅकेट घालून त्या जाळाच्या अगदी पुढच्या रांगेत. मी त्यांना म्हणणार होतो की अहो, जाळापुढे बसायचं तर पिसं कशाला? तेवढ्यात देवदाराचं एक लाकूड तडतडलं. ठिणगी उडाली आणि साडूंच्या डाव्या बाहीवर बसली. पातळ नायलॉनला वाटाण्याएवढं भोक पडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या भोकातून एक पांढरं पीस बाहेर डोकावलं, इकडे-तिकडे बघितल्यासारखं थबकलं, आणि जाळाच्या गरम हवेवर तरंगत वर निघून गेलं. त्याच्या मागून दुसरं. साडूंनी बाही मुठीत आवळली, तर तिसरं शिवणीतून निघालं.

"किती रुपयांचं गेलं हो ते?" बायकोने मला विचारलं, हळू आवाजात, पण साडूंना ऐकू जाईल इतपतच हळू.

मेहुणी मात्र डोक्याने शांत. तिने पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली मोठ्यात मोठी मरून टिकली सोडवली आणि भोकावर दाबून बसवली. पिसांची गळती जागच्या जागी थांबली. त्या काळ्याभोर परदेशी जॅकेटाची बाही आता सवाष्ण दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सोलांगच्या रस्त्याला लागलो. मनाली सोडली की दुतर्फा कोट भाड्याने देणाऱ्यांची दुकानं सुरू होतात, आणि प्रत्येकावर नंबर. दुकान आपण निवडायचं नसतं, ते ड्रायव्हरच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. पिवळे, गुलाबी, पोपटी एकअंगी सूट दोरीवर ओळीने टांगलेले, खाली गमबुटांचे ढीग, आणि आत शिरल्यावर आधीच्या हजारो पर्यटकांच्या घामाचा एक सामुदायिक वास. सूट आणि बूट मिळून अडीचशे रुपये, मोजे विकत, संध्याकाळी पाचच्या आत परत. आम्ही तिघांनी घेतले. मला गुलाबी आला. साडू म्हणाले, "मला गरज नाही." पायात त्यांच्या पुण्याहून आणलेले स्पोर्ट्स शूज होते आणि खाली जीन्स.

इथे साडूंचा अभ्यास कच्चा ठरला. बत्तीस हजार खर्च झाले होते ते सगळे कमरेच्या वर. सोलांगच्या चढावर ते पंधरा मिनिटांत घामाघूम झाले, कारण चालत्या माणसाला एवढं जॅकेट लागतच नाही. त्याने चालताना थर उतरवायचे आणि थांबला की चढवायचे असतात. साडूंना ते चारचौघांत उतरवायचं नव्हतं. मग बर्फात बसून फोटो झाले आणि जीन्स भिजली. माणूस वरून एप्रिलमधल्या सोलापुरात आणि खालून हिमाचलात, अशा अवस्थेत उभा राहिला. आमचा ड्रायव्हर एका जुन्या स्वेटरवर, गळ्याशी मफलर टाकून, हातात चहाचा ग्लास घेऊन निवांत फिरत होता.

"आपको ठंड नहीं लगती?" मी विचारलं.

"लगेगी साबजी, जब गाड़ी रुकेगी," तो म्हणाला.

गाडी थांबली ती परतीच्या वाटेवर. अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात जाऊन येणं हा सगळ्यांचाच कार्यक्रम असतो. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा २०२० साली खुला झाला आणि रोहतांगची घाटवाट टाळून दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे पोचू लागला. पोचतो सगळेच, आणि नाताळच्या आठवड्यात परत फिरतातही सगळेच एकदम. पलीकडे बर्फ पाहिला, चहा-मॅगी झाली, आणि बोगद्याच्या तोंडाशी यायच्या आधीच गाड्यांची रांग गोठली. पाच वाजले. सहा वाजले. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हीटरपुरतं तरी चालू ठेवा म्हटलं, तर म्हणाला, बर्फात सायलेन्सर दबला तर गॅस आत शिरतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. त्यानंतर कुणी हीटरचं नाव काढलं नाही.

आणि मग, कबूल करायलाच हवं, बत्तीस हजारांनी आपलं काम सुरू केलं. हातपाय हलवायला जागा नाही, अंगातली भट्टी मंदावलेली, बाहेर उणे आठ-नऊ. माझं अठराशेचं जॅकेट, आत स्वेटर, त्याच्या आत थर्मल आणि वरून गुलाबी सूट, एवढ्या बंदोबस्तातूनही थंडी पाठीच्या कण्याशी पोचली. साडू मात्र टोपी ओढून, हात खिशात घालून, घोरत होते. बायकोचा भाचा टोरांटोला असतो. त्याने तिथे पहिल्याच वर्षी महागडं जॅकेट घेतलं म्हणून आम्ही त्याला उधळ्या म्हटलं होतं. रोज सकाळी बसस्टॉपवर खांबासारखं उभं राहायचं असेल तर ते पैसे वसूलच होतात, हे मला त्या काळोख्या गाडीत, दात वाजत असताना पटलं.

पण घोरणं फार वेळ चाललं नाही. मागच्या सीटवरून मेहुणीने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

"अहो, काढा ते. ताईचे पाय गार पडलेत."

"मग मी काय घालू?"

जॅकेट दोघी बहिणींच्या मांडीवर आडवं पसरलं गेलं, टिकली वरच्या बाजूला. माझ्या बायकोने आपला पिवळा सूट उतरवून साडूंना दिला. तो त्यांना दंडात घट्ट आणि पोटावर अशक्य होत होता. चेन अर्ध्यावर अडली. मी काही बोललो नाही. नुसतं म्हणालो, "फिल पॉवर किती असेल हो याची?"

रात्री साडेदहाला कोटांच्या दुकानापाशी पोचलो. मालक शेगडीपुढे जागा होता. त्याने उशिराचे प्रत्येकी शंभर कापले आणि साडूंच्या सूटची उसवलेली शिवण बघून आणखी दोनशे सांगितले. साडूंनी एक अक्षर न बोलता दिले.

पुण्यात परतल्यावर खरा प्रश्न उभा राहिला, की या जॅकेटाचं करायचं काय? दाबून ठेवलं तर पिसं मरतात, म्हणून ते कपाटात टांगायचं. टांगलं तर अर्धं कपाट त्याचंच. पावसाळ्यात बुरशीची धास्ती. धुवायचं तर साबण वेगळा. मेहुणीने त्यावर तोडगा काढला. शेजारच्यांचा मुलगा केदारकंठाला निघाला होता, त्याला तिने ते देऊन टाकलं, वापरून परत आणायच्या बोलीवर. तो परत आला तोवर साडूंच्या ऑफिसातल्या कुणाची मुलगी शिकायला जर्मनीला चालली होती, तिची पहिली थंडी त्याच जॅकेटात निघाली. मग कुणाचे आईवडील काश्मीरला गेले. साडूंनी आता त्यासाठी वही घातली आहे: नाव, तारीख, कुठे, परत केल्याची सही. दर वेळी ते बत्तीस हजारांना माणसांच्या संख्येने भागतात आणि मला फोन करून नवा आकडा सांगतात. अभ्यास चालूच आहे.

परवा आमचं औलीचं ठरलं, म्हणून मीच त्यांना फोन केला. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"जानेवारी फुल आहे," साडू म्हणाले. "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बघू का? आणि हो, शेकोटीजवळ बसणार नाही असं लिहून द्यावं लागेल."

बायकोला निरोप सांगितला. ती म्हणाली, "तुमचा गुलाबी बरा होता."