चाळणीतलं कॅन्टन

संपादकांनी लेखकमहाशयांना वेरूळ-अजिंठ्यावर लिहायला पाठवलं होतं. महाशय छत्रपती संभाजीनगरला उतरले तेव्हा पिशवीत कॅमेरा नव्हता. सोया सॉसची बाटली होती, चक्रीफुलं होती, मधाची बरणी होती आणि गोव्याच्या एका मित्राकडून उकळलेली तिरफळं होती.

याचं मूळ हाँगकाँगात आहे. तिथे पुतण्याकडे गेले असताना त्यांनी 'चा सिऊ बाव' खाल्ला आणि तेव्हापासून घरच्यांना वाईट दिवस आले. वडापाव खाताना, अळूवडी खाताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी खाताना, 'हाँगकाँगला असं नसतं,' हे वाक्य येतंच. चा सिऊ म्हणजे डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या. सोया, मध, पंचमसाला आणि आंबवलेलं लाल टोफू लावून त्या मुरवायच्या आणि भट्टीत आकड्याला टांगून भाजायच्या. मग बारीक चिरून, दाट गोड-खारट रश्शात घोळवून मैद्याच्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यात भरायच्या आणि वाफवायच्या. पिठात बेकिंग पावडर असते. वाफ कडक मिळाली की गोळ्याचा माथा तीन-चार ठिकाणी उकलतो. तो उकलला नाही तर कॅन्टनी आचाऱ्याला खाली मान घालावी लागते. सकाळी चहाबरोबर हे खातात. पोह्यांच्या वेळी डुक्कर, हे ऐकूनच महाशयांच्या सौभाग्यवतींनी हाँगकाँगचा विषय घरापुरता संपवला होता. म्हणून आता संभाजीनगर, म्हणजे सिडकोत राहणाऱ्या ताईंचं स्वयंपाकघर.

आधी त्यांनी शहरात शोध घेतला. कॅनॉट प्लेसला चायनीजच्या गाड्यांवर संध्याकाळी जे लालभडक काही परततात, त्यात मंचुरियन मुख्य. त्याचा जन्म मुंबईचा. नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. "आत मांस भरलेला, वाफवलेला गोड पाव," असं महाशयांनी एका गाडीवाल्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बन मस्का पुढच्या चौकात."

दरम्यान कर्तव्य म्हणून वेरूळ झालं. सोळावं लेणं, म्हणजे कैलास, राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरलं. थोर आहे. ऊन फार होतं.

दौलताबादेत मात्र महाशय रमले. किल्ल्याने नव्हे, किल्ला ते अंधारी भुयाराच्या तोंडापर्यंतच चढले. त्यांना भेटला इब्न बतूता. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथे हलवली, काही वर्षांत परत नेली, आणि नंतर १३४२ मध्ये या मोरोक्कोच्या काझीला आपला वकील म्हणून चीनला धाडलं. वाटेत तो दौलताबादला थांबला. इथल्या द्राक्षं-डाळिंबांचं त्याने कौतुक केलं आणि किल्ल्याच्या तळघरातल्या उंदरांबद्दल लिहून ठेवलं, की ते मांजरांपेक्षा मोठे असून मांजरंच त्यांना घाबरतात. पुढे तो कॅन्टनलाही गेल्याचं सांगतो. चीनमध्ये तो नेमका किती आत पोचला यावर इतिहासकार अजून भांडतात, पण तिथल्या बाजारात डुकराचं मांस उघड विकतात हे पाहून त्याला शिसारी आली, एवढं त्याने स्पष्ट लिहिलंय. दौलताबाद आणि कॅन्टन, दोन्हीकडचं पाणी प्यायलेला माणूस, आणि चा सिऊची चव घेण्याची त्याला इच्छाच नाही! महाशयांना रात्री झोप लागली नाही.

रविवारी ताईंनी परवानगी दिली, अटींसह. एक, 'ते' मांस घरात येणार नाही, चिकन चालेल. दोन, मोदकपात्राला हात लावायचा नाही, ते बाप्पाचं आहे. अळूवडीची चाळणी घ्या आणि मोठं पातेलं घ्या. तीन, ओटा होता तसा परत हवा.

चिकन झकास झालं, हे मान्य करायला हवं. तिरफळ म्हणजे सिचुआन मिरीचं सख्खं भावंड; सारस्वत ते बांगड्याच्या आमटीत घालतात. चक्रीफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग आणि हे तिरफळ मिळून पंचमसाला जमला. मैदा मळला, यीस्ट घातलं, परातीवर ओलं फडकं टाकलं. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश. एक तासात पीठ दुप्पट होईल, असं पुस्तकात होतं. अर्ध्या तासातच फडकं वर उचललं गेलं. चाळणीला तेल लावून झालं, पातेल्यात पाणी उकळायला लागलं.

तेवढ्यात भाचीचा मोबाईल वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर दोनच शब्द: "पाणी आलं."

इथे बाहेरच्या वाचकासाठी थांबायला हवं. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. दिवस ठरलेला असतो, तो पुढे सरकतो, मग आणखी सरकतो. गेल्या पाळीपासून या घरात किती दिवस उलटले हे ताई बोटांवर मोजत नव्हत्या, कॅलेंडरवर गोल करून ठेवत होत्या. त्यामुळे ते दोन शब्द वाचताच घरातली माणसं उठली नाहीत, उडाली. दाजी गच्चीवर टाकीपाशी, भाची मोटारीपाशी, ताई ड्रमपाशी. बादल्या, हंडे, कळशा, कुकर, डबे. "ते पातेलं द्या!" उकळतं पाणी मोरीत ओतलं गेलं आणि कॅन्टनचं पातेलं नळाखाली गेलं. महाशयांच्या पिठाळ हातात पाईपचं टोक आलं. "दाबून धरा, दादा, सुटतो तो!" सुटला. पंचमसाल्याची वाटी वाहून गेली.

वरून दाजी ओरडत होते, "भरली का?" खालून भाची ओरडत होती, "दाब नाहीये!" शेजारच्या काकू कुंपणावरून दुसरी नळी देऊ करत होत्या. आणि ओट्यावर ते पीठ परातीच्या काठावरून उतरून, कुणाचंही लक्ष नाही असं पाहून, गॅसच्या शेगडीकडे निघालं होतं.

हसू येतं, पण इथे महाशयांना खरोखर राग आला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने या शहरात, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, नहर बांधली. डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरभर फिरवलं. पुढे त्याच युक्तीवर पाणचक्की चालली. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी तिथे पीठ दळलं जायचं. आज पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागरासारखं अवाढव्य धरण आहे, वीज आहे, पंप आहेत, आणि एक बाई रविवारच्या दुपारी कुकरमध्ये पाणी साठवते आहे. याला विनोदी म्हणायचं असेल तर ज्याने त्याने म्हणावं.

पाणी गेलं. सगळे जिथे होते तिथे बसले. मोरीच्या दाराशी एक बादली वेगळी, झाकून ठेवलेली होती. महाशयांनी विचारलं, ही कशाला? ताई म्हणाल्या, "तुझी. उन्हातान्हात फिरतोस, दोन वेळा अंघोळ लागते तुला." त्या दिवशी दाजींनी हातपाय धुऊन भागवलं होतं. महाशय थोडा वेळ हाँगकाँगबद्दल काहीच बोलले नाहीत.

पिठाचं काय? ते आंबून, ढिलं पडून, बुडबुडे सोडत होतं. गोळा वळायला घेतला की बोटांतून ओघळायचा. "पुण्याच्या यीस्टला इथली हवा मानवत नाही," असं महाशयांनी जाहीर केलं. दाजींनी दुसरा तोडगा काढला: नानची भट्टी. पीठ डब्यात भरून दोघे स्कूटरवर जुन्या शहरात निघाले. वाटेत दिल्ली गेट लागला. मोठा आहे.

नान खलिया ही इथली खासियत. खलिया म्हणजे मसालेदार रश्शातलं मांस, वर लाल तर्री. नान म्हणजे तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजलेला, वरून हळदीच्या पाण्याने पिवळा केलेला जाड, मऊ पाव. तुघलकाच्या फौजेबरोबर हा बेत दिल्लीहून आला, असं शहरात कुणीही सांगतं. महाशयांनी भट्टीपाशी उभं राहून शंका काढली, की मिरची तर पोर्तुगीजांनी आणली, म्हणजे तुघलकानंतर दीड-दोनशे वर्षांनी. मग ही लाल तर्री त्या फौजेला कशी मिळाली? भट्टीवाले चाचा नान उलथत म्हणाले, "तो फीका खाए होंगे बेचारे. इत्ता चल के आए."

मग त्यांनी डबा उघडून पिठात बोट खुपसलं. "मियाँ, ये तो थक गया." तरी पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून एक गोळा थापून भिंतीला लावला. तो क्षणभर टिकला, मग सावकाश घसरत निखाऱ्यांत जाऊन पडला. चाचांनी चिमट्याने काढून दाखवला. माथा मात्र चार ठिकाणी उकलला होता. महाशयांनी त्याचा फोटो काढला. पूर्ण सहलीतला तो एकमेव फोटो.

घरी गरम नान नेले. चिकन बाहेरच राहिलं होतं, ते नानबरोबर वाढलं. "हे गोड का लागतंय?" ताईंनी विचारलं आणि तिखटाचा डबा पुढे केला. दाजींनी नान फाडून, त्यात चिकन भरून, दुमडून खाल्लं आणि दुसरा घेतला.

उरलेलं पीठ ताईंनी टाकू दिलं नाही. सकाळी त्यात बेसन, कांदा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून धिरडी केली. जाळी अशी पडली की भाचीने दोनदा मागून घेतली. महाशय तव्याजवळच पाट मांडून बसले होते. सोमवार होता आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, त्यामुळे उठायची घाई नव्हती.