साठातले वीस घोडे

"पैसे मोजून घोडे कमी करून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," बायको म्हणाली. हिशेब तिचा बरोबर होता. आमच्या होडीचं इंजिन साठ घोड्यांचं. पंखा काढून जेट बसवलं की कामाला येतात जेमतेम चाळीस. बाकीचे वीस पाणी ओढण्या-फेकण्यातच दमतात.

पण अलास्कात, तालकीट्नाजवळ, दुसरा इलाज नाही. हिमनद्यांचा गाळ आणणारी सुसित्ना म्हणजे दूध जास्त झालेला चहा. तळ दिसत नाही, लागतो. दोन उन्हाळ्यांत मी तीन पंखे मोडले. रत्नागिरीला बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "अरे, मग भरतीला जा." समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर आहे हे त्यांना पटवण्यात कॉल संपला.

उथळ नद्यांचं हेच दुखणं न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनचं होतं. त्याने जेटबोट घडवली आणि १९६० साली त्याच्या बोटी कोलोराडो नदी उलट्या चढल्या. मला घरामागच्या नदीत मासे धरायचे होते, एवढंच.

शेजारचे म्हातारबुवा मदतीला आले. खालची गिअरकेस पंख्यासकट उतरवली. आता दांड्याच्या टोकाला थेट इम्पेलर आणि भोवती कवच. दोघांत फट एक मिलिमीटरहून कमी. ती वॉशरांनी जुळवायची. पाती झिजली की खालचा एकेक वॉशर वर घालायचा, म्हणजे इम्पेलर खाली सरकून फट मिटते. मी उत्साहात सगळेच वर घातले. इम्पेलर कवचात असा रुतला की हलेना. म्हातारबुवा काही बोलले नाहीत. कॉफी संपवली आणि पाना माझ्या हातातून काढून घेतला.

मग इंजिन सहा-सात इंच उचललं, जेटचं तोंड होडीच्या तळाशी आणायला. खाली राहिलं तर कारंजं, वर गेलं तर हवा. आमचं आधी कारंजं झालं. बायको नवा स्वेटर घालून मागे बसली होती.

रिव्हर्सला गिअर नाहीच. पाण्याच्या झोतावर एक झाकण येतं आणि झोत पुढे वळवतं. इंजिन आपलं त्याच दिशेने फिरत राहतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी असाच ठराव मागे घ्यायचे.

खरी गोची सुकाणूची. जेटला वेगळं सुकाणू नसतं, झोतच होडी वळवतो. समोर ओंडका आला, मी घाबरून थ्रॉटल सोडला, झोत गेला आणि त्याबरोबर वळणंही. होडी सरळ गोट्यांच्या बेटावर. जेटने मूठभर खडे गिळले. मी पाण्यात गुडघ्यावर बसून जाळीतून तारेने एकेक उपसत होतो. बायको बेटावर थर्मास उघडून घोडे मोजत होती.

तेव्हा तुम्ही बसवणार असाल तर दोनच गोष्टी: दर दहा तासांनी बेअरिंगला ग्रीस मारा, आणि ओंडका दिसला तर थ्रॉटल सोडू नका.