शेवटचा हात कोणाचा?

डहाणू-तलासरी भागात गाडीचं वय विचारावं लागत नाही, पाटी वाचली की पुरे. एमएच 48 असेल तर गाडी अलीकडची. एमएच 04 असेल तर बहुधा ती 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा व्हायच्या आधीची, म्हणजे ठाणे जिल्ह्यातली. जिल्हा बदलला, पाटी नाही. अशा जीपा अजून चारोटी, कासा, उधवा, तलासरी करत फिरतात. दाराला सुतळी, सीटवर गोणपाट, पण मागं लटकणाऱ्यांसाठी पायरी मात्र भक्कम.

या जीपांचे लाड वर्षातून एकदाच होतात. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते. ते दिवस कमाईचे, त्यामुळं जत्रेच्या तोंडावर जीपवाल्याला इंजिन ऑइल आठवतं. काळं, डांबरासारखं झालेलं ऑइल निघतं, नवं सोनेरी ऑइल पडतं आणि गाडी हायवेला लागते. अशीच एक जीप दापचरीच्या आसपास एकदम गप्प झाली. सेल्फ मारला की नुसता ‘टक्’.

आपल्याकडं गाडी बंद पडली की मिस्त्री यायच्या आधी निदान येतं. टपरीवरच्या एकानं जाहीर केलं, “ऑइल डुप्लिकेट.” दुसरा म्हणाला, “पातळ भरलं असणार. जुन्या इंजिनाला जाडच लागतं.” तिसऱ्यानं बिडी विझवत सांगितलं, “जुन्या गाडीचं ऑइल बदलायचंच नसतं. वरून टाकत राहायचं.” त्या रस्त्यानं अहमदाबादेपर्यंत कुणालाही विचारलं असतं तरी याहून वेगळं काही ऐकू आलं नसतं.

तिघांचं कारण वेगळं, आरोपी एकच: ज्यानं ऑइल बदललं तो. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले आजोबा डॉक्टरांनी सुई दिल्यावर गेले की आपण ‘सुई लागली’ म्हणतो, तसलाच हा न्याय. ज्याचा हात शेवटचा, त्याच्या माथी खापर.

पण तिसऱ्याला अगदीच वेड्यात काढू नये. वर्षानुवर्षं ऑइल बदललंच नसेल तर चेंबरच्या तळाशी काळा चिखल साचतो. नव्या ऑइलमध्ये मळ सोडवणारी द्रव्यं असतात. चिखल सुटतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. वर ऑइल भरपूर आणि बेअरिंगला थेंब नाही, अशी गत होते. मात्र हा गुन्हा नव्या ऑइलचा नाही, आधीच्या आळसाचा.

मिस्त्री आले. म्हातारे, शर्टाच्या खिशात टॉर्च. जीपवाला काकुळतीला आला, “काका, कालच तर ऑइल बदललं हो!”

“म्हणूनच विचारतो बाबा, काडी बघितलीस?”

टपरी गप्प. इतक्या पंडितांत ऑइल मोजायची काडी कुणीच बाहेर काढली नव्हती. काढली तर टोकाला नुसता ओशट डाग. जास्त भरलेली निघाली असती तर निराळा संशय. इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा नट खोलून तिकडचं ऑइल सोडून देणारे आणि इंजिनात दुप्पट भरणारे वीरही असतात.

तरी मिस्त्रींनी ‘इंजिन गेलं’ असं म्हटलं नाही. आधी बॅटरी आणि तिची टोकं पाहिली, कारण ‘टक्’ तिथूनही येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायला लावली, सरकली. चौथा गिअर टाकून ढकलली, मागची चाकं घासत गेली. क्लच दाबल्यावर पुन्हा सरकली. म्हणजे गिअरबॉक्स सुटला, इंजिन अडकलं. मग पट्टा काढला. डायनामोचं बेअरिंग धरलं तरी इंजिन जाम झाल्यासारखं वाटतं. इंजेक्टर काढले, सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते दबत नाही आणि पिस्टनला अडवून धरतं. पाणी नव्हतं. शेवटी क्रँकच्या नटाला पाना, पान्याला पाइप. तसूभर हललं नाही. स्वस्त शंका आधी, महाग शंका शेवटी, असा त्यांचा क्रम. टपरीचा क्रम नेमका उलटा असतो.

लोखंड लोखंडावर फिरतं असं आपण समजतो. तसं ते फिरत नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्यानं बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी वर येऊ लागलं. त्यानं लाकडी बूच ठोकलं, तेही तेलानं बाहेर ढकललं. दाब मोजला तर चौरस इंचाला 200 पौंडांच्या वर! आस बेअरिंगला टेकत नव्हता, तेलाच्या थरावर तरंगत होता. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. केसाहून बारीक अशा या थरावर जत्रेची सगळी माणसं बसून जात असतात. तो थर तुटला की काही मिनिटांत बेअरिंग क्रँकला चिकटतं.

ऑइल गेलं कुठं, याचं उत्तर गाडीखाली होतं. फिल्टरपासून मागच्या जोडापर्यंत सगळं ऑइलनं न्हालेलं. मिस्त्रींनी फिल्टर सोडवला आणि तळहातावर दोन रबर रिंगा ठेवल्या. एक नवी, मऊ. दुसरी जुनी, चपटी, कडक. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळला गेला होता. उभ्या गाडीत ते खपलं. हायवेला दाब वाढला, रिंग सरकली, ऑइल रस्त्यावर.

म्हणजे टपरीचा आरोपी बरोबर निघाला, पुरावे तिन्ही चुकीचे. पण मिस्त्रींचं संपलं नव्हतं. “ऑइलचा लाल दिवा लागला नाही?” जीपवाला चाचरला. दिवा अधूनमधून लागायचा, डोळ्याला त्रास व्हायचा, म्हणून त्याची वायर कधीच काढून टाकली होती. खापराचे दोन तुकडे झाले आणि दोघांना वाटून मिळाले. जत्रा मात्र गेली; हाफ इंजिनचं काम एका दिवसात होत नाही.

तेव्हा जुनी गाडी असणाऱ्यांनो, ऑइल बदलून झाल्यावर लगेच पैसे देऊ नका. जुन्या फिल्टरला त्याची रिंग आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. इंजिन थोडा वेळ चालवा, वाकून खाली बघा, बंद करून काडी बघा. आणि वाटेत लाल दिवा लागला तर गाडी तिथंच बंद करा, तलासरी कितीही जवळ आली असली तरी.