रोह्याचा दादा, पेणचा माऊस

आमचा दादा राहतो रोह्याला, पण त्याचा जीव पेणमधल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये अडकलेला. धाटावच्या कारखान्यातली पाळी संपवून आला, की चहाच्या आधी लॅपटॉप उघडतो आणि फोन कानाला लावतो. ‘एनीडेस्क उघडलंस? आता आकडे वाच.’ एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचं ॲप आणि आकडे म्हणजे त्याचा कोड.

आकडे सरळ येतील तर ते नातेवाईक कसले! काका आधी चष्मा शोधतात, मग स्वतःचा मोबाईल नंबर वाचून दाखवतात. परवानगीचं बटण दाबायची वेळ आली, की बोट नेमकं नकारावर पडतं. शेवटी एकदाचं जुळतं. पेणला बाण आपोआप फिरू लागला, की मावशी शेजारणीला हाक मारते आणि ‘मदत’ म्हणून स्वतःही माऊस हलवते. रोह्याहून आरोळी येते, ‘मावशी, हात काढ!’

हमरापूरला मावसभावाचा गणपतींचा कारखाना आहे. सीझनला ऑर्डरच्या चिठ्ठ्या छापायला प्रिंटर नकार देतो. दादा ड्रायव्हर काढतो, पुन्हा घालतो, अडकलेली कामं पुसतो, घामाघूम होतो. तासाभरानं कळतं, की कागद संपलाय. पडद्यावरचं सगळं त्याला दिसतं. ट्रेमधला कागद आणि निघालेली पिन तेवढी दिसत नाही.

फी ठरलेली : रोह्याच्या गाडीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पोह्याचे पापड. फुकट वापराच्या एका सॉफ्टवेअरला मात्र इतकी माणसं बघून संशय आला, की हा धंदाच असणार. त्यानं पाच मिनिटांत जोडणी तोडली. ‘धंदा? पापडांवर?’ दादा दोन दिवस धुसफुसत होता.

फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं : चोर एनीडेस्क घ्यायला लावतात, नऊ आकडी कोड मागतात आणि खातं धुऊन नेतात. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोहेकरांना घरचेच. त्यामुळे दादानं तो इशारा घरच्या वडीलधाऱ्यांचा हुकूम मानला. प्रत्येकाला फोन करून बजावलं, ‘कुणी कितीही गोड बोललं तरी आकडे द्यायचे नाहीत.’ आता त्याला जोड देतो, ‘फसलात तर लगेच १९३०ला फोन.’

परवा मावशीचा ईमेल उघडेना. दादा नव्या नंबरवरून, नेमका त्या दिवशी खुशीत, म्हणाला, ‘मावशी, जरा आकडे सांगतेस का गं?’

‘कोण आपण? आमचा दादा इतकं गोड बोलत नाही.’ फोन बंद.

दादानं पुन्हा लावला. ‘अगं, फोन काय ठेवतेस? नातवाचे फोटो रिसायकल बिनमध्ये साठवू नकोस म्हणून कितीदा घसा फोडायचा मी?’

‘हां, तूच रे तू,’ मावशी म्हणाली. ‘घे लिहून.’