सव्वाअकराची उडी

अहो, ऐकलंत का? काय सांगता, काहीच नाही कळलं? कालच्या मीटिंगला आला नाहीत ना, तिथेच घोटाळा झाला. जरा अशा इकडे या, तगरीच्या बाजूला. हळू बोला. चेअरमनसाहेबांची खिडकी उघडी आहे आणि आज आतून टीव्हीचासुद्धा आवाज नाही. म्हणजे बघा!

तर विषय गच्चीचाच. बँकवाल्या भाऊजींची दुर्बीण, वकीलीणबाईंचा सोलर आणि ती थोटकं. थोटकांचं माहीतच आहे तुम्हाला. सोलरच्या टाकीखाली सिगारेटची थोटकं काय सापडली, वकीलीणबाईंनी ग्रुपवर फोटोच टाकला. वर लिहिलं, "रात्री गच्चीवर कोण असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे." नाव नाही घेतलं हं, पण घ्यायला लागतं का? भाऊजींनी उभ्या जन्मात बडीशेपेपलीकडे काही तोंडात टाकलं नसेल. वहिनी दोन दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलल्या नाहीत, आणि मी तर फक्त अंगठा दाखवला होता त्या मेसेजला. सवयीने दाबला गेला हो!

त्यात ते अमावास्येचं. कोजागिरीला सगळी सोसायटी दूध प्यायला वर, आणि हे गृहस्थ घरात तोंड पाडून. का, तर चंद्र फार आहे! अमावास्या आली की मात्र संध्याकाळपासून जिन्यात लगबग. हातात बॅगा, कपाळाला लाल दिवा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत म्हणून तो दिवा, हे मला वहिनींकडून कळलं. वॉचमनला कोण सांगणार? मागच्या वर्षी मार्गशीर्षातल्या अमावास्येला बाराच्या सुमाराला तो टाकी भरली का बघायला वर गेला. गच्चीवर चिटपाखरू नाही. आणि ती दुर्बीण आपली आपण घूंऽऽ करत फिरायला लागली! मान वळवली, आख्खी उलटी होऊन पलीकडच्या बाजूला गेली आणि गप्प उभी राहिली. हनुमान चालिसा म्हणत जो खाली आला, तो रात्रभर गेटपाशी दिवा लावून बसला बिचारा.

भाऊजी त्या वेळी कुठे होते? अंथरुणात! पोटावर लॅपटॉप, अंगावर रजई. मृगातला तेजोमेघ मध्यरेषा ओलांडून पश्चिमेकडे गेला की दुर्बीण हळूहळू स्टँडच्या पायावर आपटायच्या बेतात येते म्हणे. म्हणून कॉम्प्युटर तिला वेळेवर दुसऱ्या बाजूने फिरवतो आणि परत त्याच जागेवर आणून रोखतो. मेरिडियन फ्लिप म्हणतात त्याला. वॉचमनला दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा पाजून सगळं समजावलं. तो "हो साहेब, हो साहेब" म्हणाला. पण अजून अमावास्येला टाकी बघायला जात नाही तो. परवा पाणी वाहून गेलं ते त्याच्यामुळेच.

तर काय सांगत होते... हां, आपण सगळे बघायला गेलो होतो तो दिवस आठवतो का? तुम्ही होतात की! चेअरमनीणबाई पुढे, मागे पोरं, पहिल्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्याला पट्टा बांधून. रांग लावली आणि बघतो तर डोळा लावायला जागाच नाही. तिथे कॅमेरा बसवलेला. चेअरमनीणबाई म्हणाल्या, "अहो भाऊजी, पण बघायचं कुठून?" आणि हे काय म्हणावेत? "आपण नाही बघायचं, तो बघतो." कॅमेऱ्याकडे बोट! काय चेहरे पडले एकेकाचे. आजोबा म्हणाले, "मग आम्ही पाच जिने कशाला चढलो?" मग सगळ्यांना घरी नेऊन लॅपटॉपवर दाखवलं, तर करडा डाग. दोन मिनिटांचा एकच फोटो होता तो. असे शंभर-दोनशे काढून एकावर एक रचले की रंग वर येतो म्हणे. पण तोपर्यंत थांबतंय कोण! वकीलीणबाई दारातूनच म्हणाल्या, "माझ्या मोबाइलवर याच्यापेक्षा बरा चंद्र येतो."

मी आपली मागे राहिले. म्हटलं, भाऊजी, एवढं लोखंड कशासाठी? दुर्बीण तर केवढीशी! तेव्हा त्यांनी सांगितलं की खरा पैसा त्या लोखंडातच आहे. माउंट म्हणतात त्याला. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, म्हणजे दोन मिनिटं फोटोचं भोक उघडं ठेवलं की ताऱ्याची रेघ उमटणार. म्हणून माउंटनेही त्याच चालीने सरकायचं. जात्याचा मधला खुंटा तिरका करून उत्तरेला आकाशाच्या ध्रुवबिंदूवर रोखलाय असं समजा, आणि त्याभोवती दुर्बीण फिरतेय, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा. चोवीस का नाही विचारलंत ना? मीपण विचारलं. चार मिनिटं सूर्याची जास्तीची, ताऱ्यांना ती लागत नाहीत म्हणे. म्हणून तर रोजचा तारा दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी उगवतो.

किंमत? लाखाच्या वर. दुर्बिणीपेक्षा माउंट महाग! वहिनींना त्यांनी "स्टँड मागवलाय" एवढंच सांगितलं होतं. बिल त्या खोक्यातच निघालं. त्या दिवशी वहिनींचा चेहरा... जाऊ दे. पेंचचं नाव तर त्यांच्यासमोर काढायचं नाही. २०२४ च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं, तेव्हापासून यांचं चाललं होतं, चल, जंगल बघू. वहिनी वाघ बघायला म्हणून दुर्बीण-बिर्बीण घेऊन निघाल्या आणि हा माणूस रात्रभर आकाश बघून दिवसभर गेस्ट हाऊसवर झोपला. वाघ न बघता परत! पण वेड जुनं आहे हं त्यांचं. टिळक स्मारकातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत तरुणपणापासून जायचे. १९४४ ची संस्था ती. १९८६ ला हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा वहिनी नव्या नवरी, आणि हे पहाटे तीनला टेकडीवर!

बरं, सोलरचं भांडण मुळात का लागलं? ध्रुवामुळे. खुंटा रोखायचा तर ध्रुव दिसायला हवा. पुण्यातून तो जेमतेम साडेअठरा अंश वर. आणि बरोब्बर तिथे वकीलीणबाईंची टाकी! भाऊजी गेले विचारायला, अगदी अजीजीने, की टाकी दोन फूट सरकवता येईल का, खर्च मी देतो. वकीलीणबाई म्हणाल्या, "ध्रुवाला अढळपद आहे ना? मग माझ्या टाकीलाही आहे." आता बोलण्यात त्यांना कोण हरवणार? घरात वकिली आहे. ध्रुवसुद्धा अगदी अढळ नाही, खऱ्या बिंदूपासून अर्ध्या-पाऊण अंशाने बाजूला आहे, हे भाऊजींनी सांगून बघितलं. पण दार लागलं होतं तोवर.

मग आली त्यांची पुतणी. ती हो, इंजिनिअरिंगची, कानात तीन-तीन रिंगा. तिने पंधरा मिनिटांत निकाल लावला. म्हणाली, काका, ध्रुव दिसायची गरजच नाही. लॅपटॉप माउंटला जोडला, मोकळ्या आकाशाचा एक फोटो, माउंट थोडं फिरवून दुसरा, अजून फिरवून तिसरा. कॉम्प्युटर काय करतो, फोटोतले तारे यादीतल्या ताऱ्यांशी जुळवतो आणि काही सेकंदांत सांगतो की आपण नेमके कुठे बघतोय. प्लेट सॉल्व्हिंग. तीन फोटोंवरून खुंटा कुठे रोखलाय ते कळलं, कुठे हवा तेही कळलं. मग हा स्क्रू डावीकडे, तो जरा वर, झालं! तेव्हापासून माउंटच्या रिमोटला हातसुद्धा लावत नाहीत ते. पडद्यावर मृगावर बोट ठेवायचं, गच्चीवर दुर्बीण तिकडे जाते. पहिल्या दिवशी तर तिने व्हिडिओ गेमचा रिमोट जोडून फिरवली. भाऊजी टाळ्या वाजवत होते हो लहान पोरासारखे!

आणि ती पीएचडी! वहिनी एकदा भाजीवाल्यापाशी म्हणाल्या, "अहो, रात्रभर यांची पीएचडी चालू असते." झालं. चेअरमनसाहेबांनी मीटिंगमध्ये पुष्पगुच्छ दिला, रिटायर झाल्यावरही शिक्षण घेताहेत म्हणून. भाऊजींना कळेना, घ्यावा की न घ्यावा. अहो, पीएचडी हे त्यांच्या एका प्रोग्रामचं नाव. पुश हिअर डमी, म्हणजे मठ्ठ माणसालाही जमेल असा. फुकट मिळतो. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आहे ना, तिचा कॅमेरा दर दोन सेकंदांनी एकाच ताऱ्याकडे बघतो. माउंटच्या आतल्या चाकांचे दाते थोडे कमीजास्त असतातच, त्यामुळे ते कधी पुढे धावतं, कधी रेंगाळतं. तारा जरा हलला की हा प्रोग्राम माउंटला हाकतो, मागे ये, पुढे जा. आणि सगळ्याचा आलेख काढतो, निळी रेघ, लाल रेघ. लक्षात ठेवा हं तो आलेख.

बाकी झाकण लावून फोटो काढतात ते तर वकीलीणबाईंनी स्वतः पाहिलं. कॅमेऱ्याची स्वतःची खरखर आधी काळ्या फोटोत पकडायची आणि मग खऱ्या फोटोतून वजा करायची. आणि पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवलेला पांढरा टी-शर्ट, तोही हिशेबाचाच, भिंगावरची धूळ आणि कडेचा अंधार मोजायला. हे समजावलं तर त्या म्हणाल्या, "आणि वाळत टाकलेला कुठला मग?"

तर कालची मीटिंग. वकीलीणबाईंनी कागदच आणला होता लिहून. एक, गच्ची सगळ्यांची. दोन, कॉमन मीटरची वीज. तीन, थोटकं. भाऊजी उठले. वीज कॉमन मीटरची नाही, माउंट १२ व्होल्टवर चालतं, बॅटरी माझी. खाली बसले. मग चेअरमनसाहेब उभे राहिले. काय तो आवाज! "नियम म्हणजे नियम. रात्री दहानंतर गच्चीला कुलूप. कोणीही वर जायचं नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही रात्रीची हवा..." असं बराच वेळ.

भाऊजी बिचारे साधे. म्हणाले, "अहो, मी दहानंतर वर नसतोच! कुणी वर चाललं की स्लॅब हलतो आणि माझे फोटो बिघडतात. मलाच नको असतं कुणी." आणि पुरावा म्हणून लॅपटॉप उघडला, सगळ्यांसमोर आलेख! रेघ कशी छान सरळ चाललेली, आणि मध्येच ही एवढी उडी. भाऊजी म्हणाले, "हे बघा, सव्वाअकरा. कुणीतरी आलं. मग सात-आठ मिनिटं शांत. परत उडी, म्हणजे गेलं." दुसऱ्या रात्रीचा काढला, सव्वाअकरा. तिसऱ्या रात्रीचा, सव्वाअकरा! "वॉचमन असेल, मी काही बोललो नाही," म्हणाले.

वॉचमन दारातूनच म्हणाला, "मी नाय बा. मी वर जातच नाय."

आणि अहो, चेअरमनीणबाई! पहिल्या खुर्चीवर. त्यांनी मान वळवली हळूच. "सव्वाअकराला तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह बघायला जाता ना हो?" हॉलमध्ये पंख्याचा आवाज. "व्हॉल्व्ह बघायला सात मिनिटं लागतात?" मागच्या वर्षीच साहेबांच्या हृदयात स्टेंट टाकलाय, डॉक्टरांनी हात जोडून सिगारेट सोडायला लावली होती. साहेबांचा चेहरा असा उतरला की मलाच पाणी द्यावंसं वाटलं. आणि वकीलीणबाईंच्या हातातला कागद दोनाचा चार, चाराचा आठ घडी होत गेला.

पण बाई हिमतीची. उठून भाऊजींपुढे गेल्या. म्हणाल्या, "माझं चुकलं. टाकी सरकवून घेते, खर्चही माझा." आणि भाऊजी काय म्हणाले असतील? "छे छे, आता गरजच नाही, पुतणीने केलंय." परत चेहरा पडला त्यांचा! एवढं मन मोठं केलं आणि कुणी घेईचना.

मृगाचा फोटोही तयार झाला हं शेवटी. लाल-गुलाबी. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला तेराशेहून जास्त वर्षं लागतात. वकीलीणबाईंनी ग्रुपवर पुढे पाठवला, "आमच्या गच्चीवरून" असं लिहून. पण खरी गंमत पुढेच आहे. चेअरमनीणबाईंनी वहिनींना गाठून सांगितलंय, फोटो राहू देत, मला रोज रात्री तो आलेख तेवढा पाठवत जा.

आणि आज सकाळी जिन्यात साहेब भाऊजींना विचारत होते, अगदी सहज, "पावसाळ्यात हे सगळं बंद असतं ना हो?" भाऊजी म्हणाले, "हो ना, जून ते सप्टेंबर सगळं डब्यात." साहेब बोटांवर महिने मोजत वर गेले. आत्ता तर कुठे पौष लागलाय.